स्टिल, येट आणि दादाची स्कूटर

फेब्रुवारी लागला की मला कुठेच बरं वाटत नाही. खुर्चीत बसलो की उठावंसं वाटतं, उठलो की कशाला उठलो ते आठवत नाही. आमच्या इमारतीच्या मागे मसाला कुटायचा डंका आहे. या दिवसांत तो सकाळी जो धाडधाड सुरू होतो तो दिवेलागणीपर्यंत. भाजलेल्या मिरचीचा खकाणा मानपाडा रोडपर्यंत जातो, रिक्षात बसलेली माणसंसुद्धा शिंकतात. पलीकडच्या गावठाणात हळदीचा मांडव पडलेला असतो आणि स्पीकरवाला भर दुपारी 'चेक, चेक' करत असतो. संध्याकाळी वारा फिरला की एमआयडीसीचा तो नेहमीचा आंबूस वास. आणि या सगळ्यात माझ्या हॉलमध्ये सतरंजीवर दहावीची पोरं बसलेली, प्रत्येकाचा एक पाय हलतोय. पाय हलवू नका रे, म्हणून मी ओरडतो. मग लक्षात येतं, माझाही हलतोय.

मी घरीच इंग्रजीच्या शिकवण्या घेतो. परवा एका मुलीने विचारलं, सर, स्टिल म्हणजे पण अजून आणि येट म्हणजे पण अजून, मग दोन शब्द कशाला? मी तोंडपाठ उत्तर दिलं. दोन्ही क्रियाविशेषणं. स्टिल बहुतेक वाक्याच्या मधे, मुख्य क्रियापदाच्या अलीकडे बसतो. जे चालू होतं ते चालूच आहे, एवढंच सांगतो. येट बहुतेक शेवटाला येतो, नकाराच्या नाहीतर प्रश्नाच्या. जे व्हायला हवं होतं ते झालेलं नाही, पण व्हायचं आहे, असं सांगतो. कधी येट दोन वाक्यं जोडतो, तेव्हा त्याचा अर्थ 'तरीही'. आणि स्टिल नामाच्या आधी बसला तर तो विशेषण होतो, 'न हलणारं'. स्टिल वॉटर, म्हणजे थांबलेलं पाणी. मुलीने मान हलवली, लिहून घेतलं. मी मात्र उदाहरणं द्यायची सोडून उठलो आणि गॅलरीत जाऊन खाली पार्किंगमध्ये बघत उभा राहिलो. पोरांना सवय आहे त्याची.

मराठीत आपलं बरं आहे. अजून पाऊस पडतोय, अजून तो आला नाही, अजून थोडा भात वाढ. सगळ्याला एकच शब्द पुरतो आणि कोणाचं काही अडत नाही. माझंही अडलं नव्हतं. ते अडलं वहिनीला शिकवायला लागलो तेव्हा, अशाच एका फेब्रुवारीत.

वहिनी म्हणजे सुनंदा वहिनी, माझ्या मोठ्या भावाची बायको. आम्ही सगळे एकाच घरात राहतो: आई, वहिनी, मी, माझी बायको स्मिता. वहिनीची मुलगी सायली तेव्हा नाशिकला नर्सिंगच्या होस्टेलवर होती. वहिनी अंगणवाडीत मदतनीस. पोरांना घरोघर जाऊन गोळा करायचं, खिचडी वाढायची, शेंबडी नाकं पुसायची. तिथल्या सेविकाबाई त्या उन्हाळ्यात निवृत्त होणार होत्या. मदतनीस दहावी पास असेल तर तिलाच सेविका करतील, असं वरून कळलेलं. नसेल तर बाहेरची कोणी पोरगी येईल आणि वहिनी परत तिच्या हाताखाली, रिटायर होईपर्यंत. वहिनीची शाळा नववीतच सुटलेली. म्हणून तिने सतरा नंबरचा फॉर्म भरला, बाहेरून दहावीला बसायला. गणिताला ती भ्यायली नाही. इतिहास तिने भाजी निवडता निवडता पाठ केला. भीती होती ती एका इंग्रजीची, त्यातही तोंडी परीक्षेची. तिथे तिची बोबडी वळायची.

आणि दादा. माझा मोठा भाऊ, रवींद्र. घरात सगळे रवीच म्हणायचे. एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात होता. तो बंद पडला तेव्हा ओळखीच्या एकाने त्याला वापीला चिकटवून दिलं. आधी पंधरवड्याने यायचा, मग महिन्याने, मग नुसता गणपतीला. एका गणपतीला आलाच नाही, आणि नंतर त्याचा फोनही लागेनासा झाला. गावाकडच्या एकाने त्याला तिकडे पाहिलेलं. चांगला आहे म्हणाला, बस्तान बसलंय म्हणाला, आणि मग कपातल्या चहाकडे बघत राहिला. बस्तान एकट्याचं नाही, एवढं आम्हाला त्याच्या गप्प बसण्यावरून कळलं. आईला आम्ही काही सांगितलं नाही. तिला कळलं नसेल असंही नाही. पण कोणी न ठरवता घरात ठरून गेलं की रवी कामावर आहे, अजून यायचाय.

जाताना दादा त्याची स्कूटर इथेच ठेवून गेला. जुनी, गिअरची, किकवाली. खाली आमच्या जागेवर, निळ्या ताडपत्रीखाली. किक मारत जा रे, नाहीतर बसून जाईल, एवढं मला म्हणालेला. मग दर रविवारी सकाळी मी फडकं घेऊन खाली उतरायचो. ताडपत्री काढायची, धूळ पुसायची, किक मारायची, गाडी फटफटली की जरा वेळ तिच्या शेजारी उभं राहायचं. गेटबाहेर कधी नेली नाही. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणायचे, अहो विका ती, उद्या भंगारवालासुद्धा हात लावणार नाही. माझं डोकं सटकायचं. दादा आल्यावर काय चालवेल, तुमची गाडी देणार का, असं मी त्यांना ऐकवायचो. त्यांनी मग विषय सोडून दिला.

वहिनी मात्र रविवार म्हणत नसे. ती चिपळूणच्या आतल्या गावची. तिच्याकडे नवऱ्याचं नाव घेत नाहीत. नाव तर नाहीच, नावाच्या जवळपासचंही काही नाही. म्हणून रविवार तिच्या तोंडी ऐतवार. वाण्याकडे रवा मागायचा तर 'उपम्याचा तो द्या' म्हणायची. दिवाळीत तिच्या हातच्या लाडवांना आम्ही सगळे 'उपम्याच्या त्याचे लाडू' म्हणायचो, स्मिता तर हसून हसून खाली बसायची. वहिनीही हसायची, पण नाव काही घ्यायची नाही. इंग्रजी शिकायला लागल्यावर तिला सगळ्यात आधी आवडलेला शब्द कुठला, तर संडे. तो ती अगदी बिनधास्त म्हणायची.

नाव घ्यायची मुभा एकाच ठिकाणी, उखाण्यात. हळदीकुंकवाला, बारशाला, बायका दार अडवून उभ्या राहिल्या की. वहिनीचे उखाणे आमच्या इमारतीत प्रसिद्ध होते, दोन ओळींत सगळ्या मजल्याला हसवायची. दादा यायचा बंद झाला तसं बायकांनी तिला अडवणंही बंद केलं. तिला वाण दिलं, तिळगूळ दिला की हळूच पुढच्या बाईकडे वळायच्या. वाईट हेतू नव्हता कोणाचा. पण त्या नावाला होतं ते एकच दारही बंद झालं.

आता तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न ठरलेला असतो: तुमचं पूर्ण नाव सांगा. आणि आपल्याकडे बाईचं पूर्ण नाव म्हटलं की मधे नवरा आलाच. कागदावर वहिनी ते लिहायची, लिहायला तिला काही वाटत नसे. बोलायची वेळ आली की 'माय नेम इज सुनंदा', मग एक आवंढा, मग 'शिर्के'. मी म्हणायचो, वहिनी, मधलं नाव खाऊ नकोस, तिथेच पहिला मार्क जातो. ती मान हलवायची आणि पुढच्या वेळी आवंढा जरा लहान गिळायची. स्मिताने तिला इंग्रजीत उखाणा रचून द्यायचं मनावर घेतलं. दोन दिवस ती यमक शोधत होती. मी चिडलो, परीक्षा आहे ही, केळवण नाही. तेव्हा कुठे ते थांबलं.

आमची शिकवणी दुपारची. अंगणवाडी सुटली की वहिनी जेवून मिरच्यांचं सूप घेऊन बसायची. देठं खुडत ऐकायची. वर्षाचा मसाला तीच करायची, आणि तो अजूनही दादाच्या जिभेचा असायचा, बेडगी थोडी, लवंगी भरपूर. दादा वापीला आणि आम्ही सगळे इथे आमटी खाऊन नाकं पुसतोय, असा तो प्रकार. आई आतल्या खोलीत पडलेली असायची. जिन्यात पुरुषाची पावलं वाजली की तिची कूस बदलल्याचा आवाज यायचा.

अशा एका दुपारी आम्ही स्टिल आणि येटवर आलो. मी दोन वाक्यं सांगितली. ही हॅज नॉट कम येट. वुई आर स्टिल वेटिंग. उदाहरणं काय, हजार देता येतात. ट्रेनची देता येतात, पावसाची देता येतात. पण माझ्या तोंडून नेमकी ही आली, आणि आली तेव्हा मला काही वेगळं वाटलंही नाही. वहिनीने हात पदराला पुसले, वाक्यं लिहून घेतली. मग पेन तसंच धरून म्हणाली,

"भावजी, हे येट कधीपर्यंत लावायचं?"

मला कळलं नाही. मी म्हटलं, वाक्याच्या शेवटी लावायचं, सांगितलं ना.

"तसं नाही. माणूस आला नाही, आला नाही, तर किती वर्षं येट म्हणायचं? त्याला काही मुदत असते?"

डंका चालू होता. आतल्या खोलीत आई जागी होती, मला माहीत होतं.

"व्याकरणात मुदत नसते, वहिनी," मी म्हणालो.

तिने मान हलवली आणि पुन्हा देठं खुडायला घेतली. मला बसवेना. पाणी प्यायलो, पंखा वाढवला, कमी केला, गॅलरीत गेलो. खाली ताडपत्रीचा एक कोपरा वाऱ्याने उडत होता. मी चार मजले उतरून गेलो आणि त्यावर वीट ठेवून आलो. वर आलो तर वहिनी पुढच्या धड्यावर होती.

त्या महिन्यात मला झोप धड लागत नव्हती. परीक्षा तिची, आणि पित्त माझं खवळलेलं. ती नापास होईल ही भीती होतीच. पण त्याहून एक खालची भीती होती, तिला तेव्हा मी नाव दिलं नव्हतं. वहिनी येट म्हणत होती तोवर दादा येणार होता. घरात ते शब्द सांभाळणारे आम्ही तिघंच, आई, मी आणि वहिनी. त्यातल्या एकाने हात काढला तर बाकीच्यांना ते ओझं पेलणार नाही, असं काहीतरी मला वाटत असावं. सायली केव्हाच त्यातून बाहेर पडली होती. फोनवर ती बाबांचा विषय काढत नसे, आईला फक्त अभ्यास कुठवर आला ते विचारायची.

तोंडी परीक्षा कल्याणच्या एका शाळेत होती. सकाळी आम्ही दोघं खाली उतरलो तर शेअर रिक्षाची रांग वळून पेट्रोल पंपापर्यंत गेलेली. आईने वहिनीच्या हातावर घातलेलं दही अजून तिच्या तळव्याला चिकटलेलं होतं. मी ॲपवर रिक्षा शोधतोय, ती मिळत नाही, मी वैतागतोय. वहिनीने एकदा घड्याळ पाहिलं.

"गाडी काढा, भावजी."

मी म्हटलं, कुठली? ती सरळ पार्किंगकडे वळली आणि स्वतःच्या हाताने ताडपत्रीची दोरी सोडायला लागली. मला म्हणायचं होतं, नको, कागदपत्रं बघायला हवीत, टायरात हवा आहे की नाही कोणास ठाऊक. विमा मी दरवर्षी भरत होतो आणि हवाही मीच हातपंपाने मारत होतो. पहिल्या किकेला गाडी सुरू झाली. वहिनी एका अंगाने मागे बसली, मांडीवर पिशवी, पिशवीत हॉल तिकीट.

पत्रीपुलावर आम्ही अडकलो. ट्रकांच्या मधे, उन्हात, दादाच्या गाडीवर. मला चोरी केल्यासारखं वाटत होतं. कोणीतरी ओळखीचं भेटेल आणि विचारेल, अरे, रवीची गाडी ना ही? मग मी नेहमीप्रमाणे काय सांगायचं ते मनात जुळवत होतो. मागे वहिनी तोंडातल्या तोंडात वाक्यं घोकत होती. माय नेम इज सुनंदा. मग इंजिनाचा आवाज. पुढचं काही मला ऐकू आलं नाही.

शाळेत जुन्या बाकांवर बाहेरून बसणारे सगळे उमेदवार होते. एक हॉटेलात काम करणारा माणूस, एक रिक्षावाला गणवेशातच आलेला, दोन-तीन बायका, बाकी नापास होऊन पुन्हा आलेली पोरं. मी व्हरांड्यात खिडकीशी उभा राहिलो. शिपाई म्हणाला, बाजूला व्हा, मी दोन पावलं सरकलो आणि परत आलो. परीक्षक मॅडम तरुण होत्या, दमलेल्या, समोर थर्मास. वहिनीचा नंबर आला. ती खुर्चीच्या अगदी कडेवर बसली. मॅडमनी वर न बघता पूर्ण नाव विचारलं.

वहिनीचा हात गळ्याशी गेला, मंगळसूत्रापाशी. मी खिडकीचा गज धरला. आवंढा येणार, मला माहीत होतं, मी महिनाभर तो ऐकला होता. मॅडमनी मान वर केली आणि पुन्हा विचारलं, जरा हळू.

"माय नेम इज सुनंदा रवींद्र शिर्के."

स्पष्ट. ना उखाणा, ना यमक, ना लाजणं. वाण्याला पत्ता सांगावा तसं. इतक्या वर्षांत तिच्या तोंडून ते नाव मी बिनउखाण्याचं कधी ऐकलं नव्हतं. आनंद व्हायला हवा होता, मार्क वाचला होता. मॅडमनी पुढचा प्रश्न विचारला, मिस्टर काय करतात. हा प्रश्न आमच्या सरावात नव्हता. मला वाटलं, आता ती मी शिकवलेल्या दोन वाक्यांपैकी एक म्हणेल. दोन्ही अगदी बरोबर बसली असती. मीही मनात तीच पुढे करत होतो, ढकलत होतो तिच्याकडे.

"मॅडम, ही डझ नॉट लिव्ह विथ अस," वहिनी म्हणाली.

साधा वर्तमानकाळ. आम्ही चहा पितो, दुकान दहाला उघडतं, तो आमच्यात राहत नाही. रोजच्या गोष्टी ज्या काळात सांगतात त्याच काळात तिने ते सांगितलं. स्टिल नाही, येट नाही. मॅडमनी घरात कोण कोण आहे ते विचारलं. वहिनीने सासू सांगितली, मुलगी सांगितली, ती नर्सिंग शिकते हे सांगितलं, दीर आणि जाऊ सांगितली. मग अंगणवाडी, खिचडी, पोरं. चुका करत होती, पण थांबत नव्हती. मी गजावरचा हात काढला. हाताला गंज लागला होता.

बाहेर आल्यावर तिने मला काही विचारलं नाही. रसवंतीवर आम्ही उसाचा रस घेतला. मी म्हटलं, छान झाली तुझी. ती म्हणाली, घसा कोरडा पडलेला. तेवढंच. पत्रीपूल या वेळी मोकळा होता.

इमारतीच्या गेटातून गाडी आत घेतली तेव्हा दुपार होती. गाडीचा तो फटफट आवाज रविवारी एकाच जागेवरून यायचा, गेटाकडून पार्किंगकडे असा येत येत कित्येक वर्षांत कोणी ऐकला नव्हता. मी इंजिन बंद करतोय तोच वर गॅलरीचं दार आपटलं. आई. कधी नव्हे ती चष्म्याशिवाय, कठड्याला धरून, वाकून.

"रवी आला काय गं?"

इतकी वर्षं सगळ्यांना सगळं ऐकवत आलेला मी, मला एक शब्द सुचेना. वहिनी गाडीवरून उतरली, पदर सारखा केला आणि वर बघून म्हणाली,

"रवी नाही, आई. मी आलेय."

आईने कठडा सोडला. मग म्हणाली, "बरं, ये. जेवायची थांबलेय." आणि आत गेली.

मी जिन्याशी थांबून रडलो. वहिनी नाही रडली. तिने ताडपत्री उचलली, झटकली, पण गाडीवर घातली नाही. तिची घडी केली आणि भिंतीशी ठेवली. माझ्याकडे पाठ करूनच तिने विचारलं की सेविका झाले तर मीटिंगा कल्याणला असतात, मला ही गाडी शिकवाल का. मी डोळे पुसत म्हटलं, गिअरची आहे, जड जाईल. ती म्हणाली, इंग्रजीपेक्षा सोपी असेल.

त्या वर्षी मसाल्यात लवंगी कमी पडली. कोणी त्यावर बोललं नाही. फक्त आई एकदा म्हणाली, यंदा आमटी खाता येतेय.

वहिनी पास झाली. फार नाही, पण झाली. आता सेविका आहे. अंगणवाडीची अख्खी गल्ली तिला मॅडम म्हणते आणि ती पोरांना सकाळी वार म्हणायला लावते, सोमवारपासून रविवारपर्यंत, सगळे. गाडी तीच चालवते. दुसरा गिअर टाकताना करकर करते, मी वरून ऐकतो आणि माझे दात शिवशिवतात. लायसन काढायला गेली तेव्हाही मला नेलं नाही.

परवा त्या मुलीला मी सांगितलं की स्टिल आणि येट वेगळे आहेत, आणि ते खरंच वेगळे आहेत. नियमही मी बरोबर सांगितले. पण गॅलरीत जाऊन जे बघत उभा होतो ते तिला कुठल्या नियमात सांगणार. डंका वाजतोय, खकाणा उठलाय, परीक्षा तोंडावर आल्या आहेत, आणि माझं कुठेच लक्ष लागत नाही. अनोळखी नंबरवरून फोन आला तर पोरांना थांबवून मी तो घेतो. बँकेच्या कर्जाचा असतो, नाहीतर चुकून लागलेला. हॅलो म्हणताना माझा आवाज जरा बदलतो, असं स्मिता म्हणते.

रविवारी वहिनी सकाळीच निघते, टिटवाळ्याला तिच्या बहिणीकडे. मला जाग येते. पाय आपोआप चपलेत जातात, फडकं हातात येतं, आणि मी चार मजले उतरून पार्किंगमध्ये पोचतो. गाडी जागेवर नसते. जमिनीवर तेलाचा जुना डाग असतो आणि भिंतीशी घडी घातलेली निळी ताडपत्री. वॉचमन विचारतो, काय शोधताय सर? काही नाही, मी म्हणतो. फडकं झटकतो आणि थोडा वेळ तिथेच उभा राहतो.